डिझेल गाडीसाठी इंजिन ऑइल: डब्यावरचं नेमकं काय वाचायचं?

ग्लोप्लग
मंडळी, नुकतीच एक वापरलेली डिझेल गाडी घेतली आहे. दोन लिटरचं टर्बो इंजिन, कॉमन रेल (एका सामायिक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणारी), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. रनिंग लाखाच्या पुढे. सर्व्हिसिंगची वही जपून ठेवलेली, पण तिच्यात दर वेळी फक्त 'ऑइल व फिल्टर बदलले' एवढंच. कुठलं ऑइल, ते देव जाणे.

आता बदलायची वेळ आली तर जितकी तोंडं तितके ग्रेड. मॅन्युअलमध्ये लिहिलंय: एसएई ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, आणि त्याखाली गाडीच्या कंपनीचा स्वतःचा एक मान्यता क्रमांक. गॅरेजवाले काका म्हणतात, "डिझेलला १५डब्ल्यू-४०च. पातळ घातलंत तर इंजिन खडखडेल." मेहुणा म्हणतो, ५डब्ल्यू-४० फुल्ली सिंथेटिक, डोळे मिटून. दुकानात गेलो तर तीन डबे पुढ्यात आले. एकावर एसएन/सीएफ, दुसऱ्यावर सीके-४, तिसऱ्यावर सी३. त्यातला पहिला आणि तिसरा दोन्ही ५डब्ल्यू-३०!

तर ग्रेड बघायचा, की ही अक्षरं, की कंपनीचा नंबर? आणि तिन्ही जुळणारं मिळालं नाही तर कशावर पाणी सोडायचं?

खवट_आजोबा
मॅन्युअल उघडा, वाचा, तेच घाला. धागा समाप्त.

(तसा तो होणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून खुर्ची ओढून बसतोय.)

न्यूट्रल
आजोबा, जरा सरका.

पिस्टनराव
तुमचे गॅरेजवाले काका बरोबर सांगतायत. मी पहिल्यापासून डिझेलच वापरतो आणि पहिल्यापासून १५डब्ल्यू-४०. इंजिन एकदाही उघडावं लागलेलं नाही. ही सी३-बी३ नवी फॅशन आहे. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, दाब जास्त, त्याला जाड ऑइलच हवं. पातळ ऑइल कंपन्या मायलेजच्या आकड्यासाठी सांगतात, तुमच्या इंजिनासाठी नाही.

वंगणशास्त्री
वंगणांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल. माफी असावी.

५डब्ल्यू-३० ही फक्त जाडी झाली. ऑइल चांगलं की वाईट, डिझेलला चालेल की नाही, यातलं काहीही ती सांगत नाही. एसएई या अमेरिकी अभियंता संघटनेच्या जे३०० मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. मागचा आकडा १०० अंशांवरचा. ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे जाडीचं एकक) बसलं की ३०, १२.५ ते १६.३ मध्ये बसलं की ४०. त्यामुळे १२.४ वालं '३०' आणि १२.६ वालं '४०' शेजारी ठेवलीत तर इंजिनाला फरक कळणारसुद्धा नाही, डब्यावर मात्र दोन वेगळे ग्रेड.

"आमच्याकडे कुठे बर्फ पडतो, मग ५डब्ल्यू कशाला" हे पुढे कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ४० अंशांवर साधारण ५डब्ल्यू-३० सत्तरच्या आसपास सेंटिस्टोक असतं, खनिज १५डब्ल्यू-४० शंभराच्या वर. तीच ऑइलं गरम इंजिनात १२ आणि १४-१५ ची होतात. म्हणजे सकाळी स्टार्टर मारता तेव्हा 'पातळ' म्हणवणारं ऑइलसुद्धा हवं त्याच्या कितीतरी पट घट्ट असतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. स्टार्ट केल्यावर तिथे ऑइल जितकं लवकर पोचेल तितकं बरं.

आता ग्लोप्लग यांच्या तीन डब्यांबद्दल. सगळा फरक त्या अक्षरांमध्ये आहे. जेवून येतो, मग लिहितो.

खवट_आजोबा
ऐन मोक्याच्या क्षणी ब्रेक. शास्त्रीबुवा मालिकाही लिहितात वाटतं.

वेलांटी
माझ्या गाडीच्या ऑइलवर एसएन/सीएफ आहे आणि दुकानदार म्हणाला पेट्रोल-डिझेल दोन्हीला चालतं. सीएफ म्हणजे डिझेलसाठीच ना?

सम्पदा
वेलांटी, कागदोपत्री हो. पण सीएफ ही एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची १९९४ ची श्रेणी, कधीच बाद झालेली. तेव्हाच्या डिझेल इंजिनांत कॉमन रेलही नव्हती आणि डीपीएफही. आजच्या डब्यावर सीएफ लिहिलेलं असेल तर ते पेट्रोल गाडीच्या ऑइलला जोडलेलं शेपूट समजायचं. त्यावरून आधुनिक डिझेलबद्दल काहीच कळत नाही.

माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक बरेचदा डबा घेऊनच येतं, तेव्हा मी पुढची बाजू बघतच नाही, डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचते. पुढे घोडे, ज्वाळा, टायटॅनियम असं काय काय असतं. कामाचं सगळं मागे.

वंगणशास्त्री
सम्पदाताईंना अनुमोदन. तोच धागा पुढे नेतो.

एपीआयच्या 'सी' श्रेण्या सगळ्या मुख्यतः ट्रक-बस-यंत्रांच्या मोठ्या डिझेल इंजिनांसाठी आहेत. सीआय-४ आली २००२ मध्ये, सीजे-४ २००६ मध्ये, सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये. यातली प्रत्येक नवी श्रेणी ट्रकच्या गरजेतून निघाली. लहान डिझेल कारसाठी अशी वेगळी श्रेणी एपीआयकडे नाहीच. ती उणीव एसीईए, म्हणजे युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना, भरून काढते. त्यांच्या 'सी' श्रेण्या २००४ पासून आहेत आणि त्या खास डीपीएफ आणि कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू निवळणारा भाग) असलेल्या गाड्यांसाठीच बांधलेल्या आहेत. एपीआयच्या 'सी'शी त्यांचा काडीचा संबंध नाही. अक्षर तेच असल्यामुळे दुकानात गोंधळ होतो, बाकी काही नाही.

मुख्य फरक सल्फेटेड राखेचा. ऑइल पूर्ण जाळलं की मागे जे धातूंचे क्षार उरतात ती ही राख. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक. एसीईए ए३/बी४ मध्ये ती १.० ते १.६ टक्के चालते. सीके-४ मध्ये कमाल १.०. सी२, सी३, सी५ मध्ये कमाल ०.८. सी४ मध्ये कमाल ०.५.

पिस्टनराव
१.० आणि ०.८! या ०.२ टक्क्यासाठी एवढा गहजब? सीके-४ सगळ्यात नवी, ट्रक त्यावर लाखो किलोमीटर मारतात, त्यांनाही डीपीएफ असतोच की.

सम्पदा
पिस्टनराव, ट्रकचा डीपीएफ आकाराने भलामोठा असतो, आणि बरेचदा तो काढून, साफ करून परत बसवता येईल असाच केलेला असतो. कारमध्ये तो इंजिनाला चिकटून, लहानशा जागेत. वर्कशॉपमध्ये रोज दिसणारी गोष्ट सांगते.

डीपीएफमध्ये दोन प्रकारचा कचरा साठतो, काजळी आणि राख. काजळी डिझेल जळल्याची. ती रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ करताना, सहाशेच्या आसपास अंशांवर जळून वायू होऊन निघून जाते. राख ऑइलमधून येते आणि ती जळत नाही. चूल कितीही फुलवा, लाकूड जळेल, राख जळणार नाही, तसंच. इंजिन जे थोडंफार ऑइल रोज खातं त्याची राख फिल्टरच्या टोकाला बसत जाते आणि काजळीसाठी उरलेली जागा कमी कमी होत जाते. मग रीजनरेशन वारंवार व्हायला लागतं, डिझेल जास्त जातं, शेवटी दिवा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं सेन्सर खराब आहे. सेन्सर खरं बोलत असतो.

एका सर्व्हिसिंगला सीके-४ घातलं म्हणून दुसऱ्या दिवशी काही चोंदत नाही, हेही खरं. पण दर वेळी तेच, आणि त्यात इंजिन ऑइल पिणारं असेल, तर फिल्टर वेळेआधीच मान टाकतो.

वंगणशास्त्री
शिवाय फॉस्फरस. सी३ मध्ये तो ०.०७ ते ०.०९ टक्के या पट्ट्यात ठेवावा लागतो, सीके-४ मध्ये ०.१२ पर्यंत चालतो. झीज थांबवणारं झेडडीडीपी हेच फॉस्फरस घेऊन येतं. इंजिनाला ते हवं असतं, कॅटॅलिस्टला नको असतं. सी३ म्हणजे त्या दोघांतली तडजोड. पूर्ण काढून टाकलं तर कॅमशाफ्ट बोंबलेल.

न्यूट्रल
म्हणजे इंजिन आणि डीपीएफ या सासू-सुना, आणि ऑइल बिचारा नवरा.

खवट_आजोबा
न्यूट्रल, तुम्ही कुणाच्या बाजूने?

न्यूट्रल
आयडी बघा की आजोबा.

ओव्हरटेक
सगळं ठीक, पण कोणी अॅडिटिव्हबद्दल बोलत का नाही? मी दर वेळी एक बाटली घर्षणरोधक घालतो. इंजिन लोण्यासारखं चालतं.

वंगणशास्त्री
ओव्हरटेक, त्या बाटलीत झिंक, मॉलिब्डेनम, आणखी काही असेल तर तुम्ही ०.८ टक्के राखेचं मोजून बनवलेलं ऑइल स्वतःच्या हाताने बिघडवताय. मान्यता मिळते ती डब्यातल्या मिश्रणाला. वरून काही घातलंत की ती मान्यता तुमच्या इंजिनात राहत नाही.

ओव्हरटेक
पण फरक जाणवतो हो!

खवट_आजोबा
खिसा हलका झाल्यावर सगळंच हलकं जाणवतं. (ह.घ्या.)

डावी_लेन
धाग्याला थोडं बाजूला नेतो. माझ्या गाडीचं ऑइल कमी होत नाही, उलट वाढतं! डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे गेलंय. मी टॉप-अप केलेलं नाही. माझं चालवणं सगळं जवळच्या जवळ, गर्दीतलं. भूत आहे का?

सम्पदा
भूत नाही, डिझेल आहे. रीजनरेशनसाठी धूर तापवायला बऱ्याच इंजिनांत कामाच्या ठोक्यानंतर उशिरा थोडं डिझेल सिलिंडरमध्ये फवारतात. ते सगळं जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापलं की त्यातलं थोडं उडून जातं. तुमच्यासारख्या चालवण्यात रीजनरेशन अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि दर वेळी डिझेलची भर पडत राहते.

हे हसण्यावारी नेऊ नका. डिझेल मिसळलं की ऑइल पातळ होतं. डब्यावर ३० लिहिलेलं ऑइल प्रत्यक्षात २० सारखं वागायला लागतं. पातळी फार वाढली तर क्रँक त्यात बुडून फेस काढतो, आणि वाईट वेळ आली तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑइल इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही. तुम्ही ऑइल लगेच बदला आणि रीजनरेशन का तुटतंय ते तपासून घ्या.

डावी_लेन
बाप रे. उद्याच नेतो.

पिस्टनराव
बघा, म्हणूनच मी म्हणतो जाड ऑइल. पातळ व्हायचंच आहे तर सुरुवात तरी जाडापासून करा.

वंगणशास्त्री
पिस्टनराव, या मुद्द्यात तथ्य आहे, आणि सी३ मध्ये त्याची सोय केलेली आहे. १०० अंशांवरची जाडी ही ऑइल आरामात वाहत असतानाची. बेअरिंगमध्ये आणि पिस्टनरिंगजवळ ऑइल १५० अंशांच्या घरात, प्रचंड वेगाने घासलं जातं. तिथे ते किती टिकतं याची वेगळी चाचणी असते, एचटीएचएस. सी३ आणि सी४ ला ती किमान ३.५ लागते. सी२ ला २.९ पुरते. सी५, सी६ मध्ये तर मुद्दाम २.६ ते २.९ मध्येच ठेवतात, इंधन वाचावं म्हणून.

आता गंमत बघा. पेट्रोल गाडीच्या साध्या ५डब्ल्यू-३० ची एचटीएचएस तीनच्या आसपास असते. सी३ वाल्या ५डब्ल्यू-३० ची ३.५ किंवा वर. ग्रेड एकच, पण तापलेल्या बेअरिंगमध्ये सी३ वालं ५डब्ल्यू-३० हे ५डब्ल्यू-४० च्या भावासारखं वागतं, कारण ४० ग्रेडची किमान मर्यादाही ३.५ चीच आहे. ग्लोप्लग यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या डब्यातला फरक तो हाच. म्हणून "५डब्ल्यू-३० पातळ असतं" हे वाक्य अक्षरांशिवाय अर्धवट आहे.

वेलांटी
हे भारी आहे. म्हणजे मेहुण्याचं ५डब्ल्यू-४० पण चालेल?

वंगणशास्त्री
त्यावर सी३ असेल आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात ५डब्ल्यू-४० दिलेलं असेल तर खुशाल. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. पण ५डब्ल्यू-४० फक्त ए३/बी४ चं असेल तर राखेचा प्रश्न परत आलाच. मेहुण्यांना डबा उलटा करून बघायला सांगा.

ग्लोप्लग
मेहुण्याला विचारलं. म्हणाला, "मागे काय लिहिलंय ते कोण वाचतं?"

खवट_आजोबा
घरोघरी मातीचे मेहुणे.

चढावाचा_राजा
सगळे सी३ सी३ करतायत, त्यात एक भर. सी३ ही सगळ्या डीपीएफवाल्या डिझेलची गुरुकिल्ली नाही. काही फ्रेंच इंजिनांना सी२ लागतं, रेनोच्या डीपीएफवाल्या डिझेलसाठी आरएन०७२० म्हणजे सी४ च्या अंगाने जाणारं, जपानी डिझेलच्या मॅन्युअलमध्ये जासो डीएल-१ दिसतं, ज्यात राख ०.६ टक्क्यापर्यंतच. म्हणून कंपनीचा नंबर हाच शेवटचा शब्द. फोक्सवॅगनचा ५०७ ००, मर्सिडीजचा २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूचं एलएल-०४, जनरल मोटर्सचं डेक्सॉस२, ही सगळी साधारण सी३ च्या कुळातली, पण प्रत्येकाच्या वर आपापल्या चाचण्या. एसीईए हा पाया झाला, वरचे मजले ज्याचे त्याचे.

याचं जुनं उदाहरण फोक्सवॅगनच्या पुम्पे-ड्युझे इंजिनांचं. त्यात इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबायचा, दाब २००० बारच्या वर. त्या कॅमवर इतका ताण यायचा की साधं चांगलं डिझेल ऑइल पुरेना, म्हणून वेगळा ५०५ ०१ क्रमांक काढावा लागला. ग्रेड बरोबर पण क्रमांक चुकीचा असं ऑइल चालवलेल्या इंजिनांचे कॅम घासलेले निघायचे.

सम्पदा
चढावाचे राजे, बरोबर. आणि नवा क्रमांक म्हणजे जुन्यालाही चालेल असं धरून चालायचं नाही. फोक्सवॅगनचाच ५०९ ०० हा ०डब्ल्यू-२० चा, एचटीएचएस मुद्दाम खाली आणलेली. ज्या इंजिनाला ५०७ ०० सांगितलंय त्यात ते घालायचं नाही. आकडा मोठा म्हणून ऑइल भारी असं समजून लोक घेऊन येतात.

चढावाचा_राजा
अजून एक. लेबलवरची भाषा नीट वाचा. 'मान्यताप्राप्त' लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून यादीत घेतलंय. 'शिफारस', 'गरजा पूर्ण करते', 'साठी योग्य' असं लिहिलं असेल तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. दावा खरा असूही शकतो, पण जबाबदारी त्याची, गाडीच्या कंपनीची नाही. मर्सिडीजसारख्या कंपन्या मान्य ऑइलांच्या याद्या संकेतस्थळावर उघड ठेवतात. डब्याचं पूर्ण नाव तिथे शोधायचं. एकाच नावाखाली तीन-चार प्रकार विकले जातात आणि मान्यता त्यातल्या एकालाच असते.

न्यूट्रल
वाचनखूण साठवली.

ओव्हरटेक
पण मुळात सिंथेटिक घेतलं की बाकी सगळं आपोआप येतं ना?

चढावाचा_राजा
नाही. सिंथेटिक शब्दाला बऱ्याच देशांत फारसा कायदेशीर अर्थच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींच्या निवाडा मंडळाकडे तक्रार केली होती, की हे खनिज तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणतात. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने गेला. तेव्हापासून गट ३ चं, म्हणजे असं प्रक्रिया केलेलं बेस ऑइलही सिंथेटिक, आणि गट ४ चं, म्हणजे रसायनांतून बनवलेलं पीएओही सिंथेटिक.

व्यवहारात ५डब्ल्यू-३० सी३ बनवायचं तर साध्या खनिज तेलातून ते जमणारच नाही. तुम्ही क्रमांक बघून घ्या, आत काय घालायचं ते बनवणारा बघेल.

वाट_चुकलेला
माझ्या गाडीचा डीपीएफ आधीच्या मालकाने काढून टाकलाय, आत नुसती नळी. मग मी कुठलंही घालू शकतो?

सम्पदा
ऑइलचं सोडा, आधी ही गाडी तपासणीत पास कशी होते ते सांगा. डीपीएफ काढणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि धूर मागे चालणाऱ्यांच्या छातीत जातो. राहिला ऑइलचा प्रश्न, तर इंजिन तेच आहे, त्यामुळे क्रमांकही तोच.

वाट_चुकलेला
(आयडी सार्थ केला.)

पिस्टनराव
मंडळी, एवढं वाचून सकाळी बॉनेट उघडून पाहिलं. माझ्या गाडीत डीपीएफ नाहीच. टर्बोही नाही. इनडायरेक्ट इंजेक्शनचं जुनं नग आहे. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० च लिहिलंय. त्यामुळे माझं माझ्या जागी बरोबर, आणि मी ते बदलणार नाही.

वंगणशास्त्री
अगदी बरोबर, बदलूही नका. डीपीएफ नसेल तर कमी राखेचा हट्ट धरायचं कारण नाही. उलट राख देणारे तेच क्षार आम्लाला मारतात. जुन्या इंजिनाला, त्यातही डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तिथे, भरपूर टीबीएन (आम्ल मारण्याच्या ताकदीचं माप) असलेलं ऑइल फायद्याचं. ए३/बी४ मध्ये ते किमान १० असतं. कमी राखेच्या ऑइलमध्ये ही शिबंदी मुळातच कमी असते. त्यांचं गणित गंधक अगदी कमी, १० पीपीएमच्या पातळीचं डिझेल मिळेल हे धरून मांडलेलं आहे. जिथे डिझेल तितकं स्वच्छ नाही तिथे डीपीएफवाल्यांनी ऑइल सी३ च ठेवावं, पण बदलण्याचं अंतर कमी करावं.

वेलांटी
अंतराचा विषय निघालाच आहे तर, युरोपात म्हणे ३०,००० किलोमीटरला बदलतात?

सम्पदा
काही कंपन्यांच्या लाँगलाइफ पद्धतीत ३०,००० किंवा दोन वर्षं अशी कमाल मर्यादा आहे, आणि ती हायवेवर लांब पळणाऱ्या गाडीला मिळते. मॅन्युअलमध्येच 'कठीण परिस्थितीत वापर' असा वेगळा रकाना असतो. धूळ, गर्दी, छोटी अंतरं, ओढलेलं वजन. त्यात अंतर बरंच खाली येतं, कित्येकदा अर्ध्यावर. आपल्यातले बहुतेक जण त्या रकान्यात बसतात आणि पहिलाच रकाना वाचतात. गाडीतला ऑइलचा दिवाही बऱ्याच गाड्यांत ऑइल चाखून लागत नाही. फेरे, तापमान, थंड स्टार्ट यांचा हिशेब करून लागतो. तुम्ही चुकीचं ऑइल घातलंय हे त्याला कळत नाही.

डावी_लेन
आणि रंग? माझं ऑइल बदलून आठवडा होत नाही तोच काळं होतं.

वंगणशास्त्री
डिझेलमध्ये काळं व्हायलाच हवं. काजळी एका जागी बसू न देता तरंगत ठेवणं हेच तर त्याचं काम. रंगावरून आयुष्य ठरवू नका. फारच शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. जाडी, टीबीएन, लोखंड, काजळी आणि तुमच्या बाबतीत मुख्य म्हणजे डिझेलचं प्रमाण, सगळं कळतं.

ग्लोप्लग
सगळ्यांचे आभार. जे समजलं त्यावरून दुकानात परत गेलो. एसएन/सीएफ वालं ५डब्ल्यू-३० बाद, सीके-४ बाद. सी३ वाल्या डब्याच्या मागे माझ्या कंपनीचा क्रमांक होता, पण 'साठी योग्य' अशा शब्दांत. शेजारच्या रांगेत दुसऱ्या बनावटीचं ५डब्ल्यू-३० मिळालं, त्यावर तोच क्रमांक 'मान्यताप्राप्त' म्हणून. गाडीच्या कंपनीच्या यादीत नावही सापडलं. तेच घेतलं.

आता दोन शंका. आत सध्या बहुधा १५डब्ल्यू-४० आहे, ते थोडं मागे राहिलं तर भांडण होईल का? फ्लश मारून घेऊ का? आणि प्रवासात हेच ऑइल मिळालं नाही तर टॉप-अप कशाने करायचं?

सम्पदा
भांडण नाही होणार. एपीआय-एसीईएची ऑइलं एकमेकांत मिसळतील हे चाचणीतच बघितलेलं असतं. गाडी व्यवस्थित तापवा, सपाट जागी उभी करा, गरम असतानाच काढा, थेंब थांबेपर्यंत निवांत गळू द्या, फिल्टर बदला. फ्लश नको. जुन्या इंजिनातला गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, मग प्रेशरचा दिवा. नवं ऑइल स्वतःच हळूहळू साफ करेल. त्यामुळे पहिल्या वेळी थोडं लवकर बदललंत तर उत्तम.

टॉप-अपचं म्हणाल तर आधी तोच क्रमांक शोधा. तो नाही मिळाला तर तीच एसीईए श्रेणी. तीही नाही मिळाली आणि पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली असेल, तर जे डिझेलचं बरं ऑइल मिळेल ते अर्धा लिटर घाला आणि पुढे चला. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा चुकीच्या ऑइलचं अर्धा लिटर केव्हाही परवडलं.

पिस्टनराव
म्हणजे १५डब्ल्यू-४० अडचणीला धावून येतंच.

खवट_आजोबा
पिस्टनराव सोडत नाहीत!

ग्लोप्लग
शेवटचं. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ४.३ लिटर लिहिलंय, डबा ५ चा आहे. गॅरेजवाले काका म्हणतात सगळा ओता, डिझेलला जास्त झालेलं चालतं.

सम्पदा
काकांना सांगा, नाही चालत. चार लिटर घाला, इंजिन मिनिटभर चालू ठेवा, बंद करा, थोडं थांबून डिपस्टिक बघा आणि मग हळूहळू वरच्या खुणेच्या जरा खालपर्यंत आणा. डीपीएफवाल्या गाडीला वर थोडी जागा रिकामी हवीच, डावी_लेन यांची गोष्ट वाचलीत ना. उरलेलं डब्यात घट्ट झाकण लावून टॉप-अपला ठेवा.

ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. जुनाच परत लावतात आणि मग खाली ठिबकतं म्हणून सम्पला दोष देतात.

न्यूट्रल
सम्पदाताई सम्पची बाजू घेणारच.